दुकान वाढवायचं ठरलं

माझ्यामुळे एकदा सव्वीस मजले जिने उतरून खाली आले, आणि तेही एका ठेच्यापायी. अबुधाबीतल्या अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडत नाही, काच आहे ती नुसती समुद्र बघायला. त्या दिवशी सकाळी नवरा ऑफिसला गेला आणि मला तव्यावर हिरव्या मिरच्या भाजायची हुक्की आली. वरचा फॅन लावायचा राहिला. मिरच्या तडतडल्या, मी खोकले, आणि डोक्यावरचा अलार्म असा कोकलायला लागला की माझ्या हातातलं उलथनंच पडलं. दहा मिनिटांत अख्खी बिल्डिंग खाली. कोणी नाईट सूटमध्ये, कोणी अर्धी दाढी केलेला, कोणाच्या कडेवर रडकं पोर. सिक्युरिटीवाला 'यल्ला, यल्ला' करत सगळ्यांना पार्किंगच्या पलीकडे हाकत होता. मी मुकाट मागे उभी राहिले. पण ओढणीला मिरचीचा वास मारत होता, तो कुठे लपवणार?

त्या गर्दीत बाथरोब घातलेली, पांढऱ्या केसांची एक गोरी बाई छोटासा कॅमेरा घेऊन लोकांचे चेहरे टिपत होती. माझ्यापाशी आली आणि थांबली. बाकी सगळे वैतागलेले दिसतायत, तू एकटीच अपराधी दिसतेस, असं मला इंग्रजीत म्हणाली. मी म्हटलं, आधी तो कॅमेरा बंद कर. तिनं लगेच केला, आणि काय जाळलंस म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाई ठेचा मागायला दारात हजर! पोळीबरोबर खाल्ला, नाक लाल, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि वर विचारते, अजून आहे का? तिथून आमचं जे जमलं ते जमलंच.

ती आयरिश. पस्तीस वर्षं माहितीपट आणि मालिका दिग्दर्शित केलेली. मी तोंडावर तिला नावानं हाक मारायचे आणि घरात 'आमची बाई' म्हणायचे. माझी मुलगी म्हणायची, "मम्मा, यू मेक हर साउंड लाइक द मेड." म्हटलं, तू मराठीत बोल, मग अक्कल शिकव.

मी तेव्हा घरी बसलेली होते. बारा वर्षं एका इन्शुरन्स कंपनीत क्लेम्सच्या फायली तपासल्या, मग ती कंपनी दुसरीत विलीन झाली आणि माझं टेबल गेलं. बाईची गोष्ट वेगळी होती. वाळवंटात एक मोठी मालिका करायला तिला इथे बोलावलं, सेट उभा राहिला आणि मालिका रद्द झाली. परत जावं, तर तिकडे तिला आता फोन येत नव्हते. जे साहेब तिला ओळखायचे ते रिटायर झाले होते, नव्यांना ती माहीत नव्हती. मग ती इथेच राहून कंपन्यांच्या फिल्म्स करायला लागली. हेल्मेट घाला, पट्टा बांधा, शिडीवर एकटे चढू नका. एकदा ती मला म्हणाली होती की काम थांबवायला तिची ना नाही, पण ते आपण थांबवावं. फोन येत नाही म्हणून थांबलं, हे तिला सहन होत नव्हतं. हे सांगताना ती हसत नव्हती, आणि एरवी ती सारखी हसायची.

अशाच एका हेल्मेटच्या फिल्मसाठी ती दुबईतल्या मुहैस्नाहला, म्हणजे आपले लोक ज्याला सोनापूर म्हणतात तिथल्या लेबर कॅम्पवर गेली होती. तिथे एका सुताराचा स्टीलचा डबा तिनं पाहिला. झाकणावर खिळ्यानं कोरलेलं नाव, आत भाकरी, पिठलं आणि कागदाच्या पुडीत ठेचा. ठेचा म्हटल्यावर तिला मीच आठवणार. फोन करून विचारलं, हे कोण बनवतं? मला माहीत होतं. रास अल खोरला, गॅरेजं आणि भाजीची घाऊक मंडई यांच्या मधल्या गल्लीत, साताऱ्याकडच्या एका काका-काकूंची खानावळ होती, कॅम्पवरचे मराठी डबे तिथूनच जायचे. आम्ही दुबईला गेलो की तिथे जेवल्याशिवाय परतायचो नाही.

मी तिला घेऊन गेले. ती आत शिरली, भिंतीला टेकून तासभर नुसती उभी राहिली, आणि बाहेर येऊन म्हणाली, ही माझी फिल्म.

तिकडच्या एका टीव्ही चॅनेलला तिनं लिहिलं. पुष्कळ पत्रांनंतर तिथल्या एका तरुण मुलीनं तासाभराच्या फिल्मला होकार दिला. परवानग्यांचे कागद झाले. मला तिनं भाषांतरासाठी घेतलं आणि गळ्यात लटकवायला कार्डसुद्धा दिलं. मी ते कार्ड घालून वाण्याकडे जाऊन आले, खोटं कशाला सांगू! शाळेत मराठीत माझा पहिला नंबर असायचा. पुण्याची, त्यातून मराठीत पहिली. म्हणजे नाक किती वर असेल ते तुम्हीच समजा.

वर्षभर आम्ही आठवड्यातून दोनदा गाडीनं दुबईला जायचो. जाताना सव्वा तास, येताना ट्रॅफिक देईल तेवढा. गाडी माझी, बोलणं तिचं. तिचे वडील लहानशा गावात लोखंडी सामानाचं दुकान चालवायचे. खिळे, बिजागऱ्या, दोरखंड. शाळेतून आली की ही गल्ल्यामागच्या स्टुलावर बसायची आणि गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकायची. माणूस खिळे मागतो, पण त्याला बोलायचं असतं दुसरंच, हे तिथे कळलं म्हणे. पुढे टीव्ही केंद्रात टेपा लावून ठेवायच्या नोकरीला लागली. एक एडिटर आजारी पडला, त्याचं काम हिनं चोरून पुरं केलं, आणि ओरडा खायच्या ऐवजी तिथेच बढती मिळाली.

तिची पहिली फिल्म मासे कापणाऱ्या बायकांवर होती. दुसरी माझी लाडकी. मी ती तिच्याकडून चार वेळा ऐकली. दोन म्हातारे भाऊ, दोघे बिनलग्नाचे, एका घरात राहायचे आणि एकमेकांशी अकरा वर्षं बोलले नव्हते. जे सांगायचं ते कुत्र्याला सांगायचे. 'त्याला सांग, चहा झालाय.' कुत्रा बिचारा मान इकडून तिकडे फिरवायचा. फिल्मच्या मधेच कुत्रा मेला. बाई म्हणाली, पुढचे चार दिवस त्या घरात कोणी एक शब्द बोललं नाही, मी नुसता कॅमेरा चालू ठेवून अंगणात बसले. पाचव्या दिवशी धाकटा थोरल्याला म्हणाला, चहा झालाय. हे ऐकून मी गाडी चालवता चालवता रडले होते. मागून कोणीतरी हॉर्न मारला.

त्या कुत्र्यापासून तिनं एक नियम केला. कॅमेरा स्टँडवर लावायचा, चालू करायचा, आणि आपण तिथून निघून जायचं. दिग्दर्शक गेला की माणसं पुन्हा माणसासारखी वागायला लागतात. मग तिला मालिका मिळाल्या. एक हॉस्पिटलची, एक डिटेक्टिव्हची. डिटेक्टिव्हच्या मालिकेत सारखा पाऊस दाखवायचा होता आणि खरा पाऊस म्हणे कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. म्हणून आयर्लंडसारख्या ओल्याचिंब देशात, भर पावसात, अग्निशमनचा बंब बोलावून वरून आणखी पाणी मारायचे. नटमंडळी दोन्हीकडून भिजायची. मालिकांनी तिला नाव दिलं, घर दिलं. पण जीव त्या दोन भावांच्या अंगणातच राहिला होता, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

खानावळीत तिनं तेच केलं. सकाळी काकूंच्या कुडत्याच्या गळ्याशी छोटा माईक लावायची, कोपऱ्यात कॅमेरा चालू करायची, आणि समोरच्या पठाणाच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन चहा पीत बसायची. काकू पहिले चार दिवस ओठांना रंग लावून आल्या, पाचव्या दिवशी विसरल्या. काकू अखंड बोलायच्या. काका महिन्याला दहा वाक्यं बोलायचे, त्यातली सात 'मीठ बघ' असायची.

संध्याकाळी बाई रेकॉर्डिंग माझ्याकडे द्यायची. मी घरी हेडफोन लावून काका-काकूंचं एकेक वाक्य इंग्रजीत उतरवायचे. गणपतीच्या सुमाराला एका रेकॉर्डिंगमध्ये ते संभाषण आलं. दुपारची वेळ, भांडी घासून झालेली. काका स्टुलावर बसून गुडघा चोळत होते. म्हणाले, "दिवाळी झाली की दुकान वाढवायचं. ठरलं."

काकू म्हणाल्या, "नीट विचार केलाय ना?"

"केलाय."

काकू ओट्याकडे बघत राहिल्या, ओढणीनं डोळे पुसले, आणि शेगडी पुन्हा पुसायला लागल्या.

आता शेजारचा गाळा गेले चार महिने रिकामा होता. काकू येताजाता म्हणायच्या, तो मिळाला तर बाकडी वाढवता येतील, बायकांना वेगळं बसता येईल. मी टाळीच वाजवली. गाळा घेतायत! लिहिलं, दिवाळीनंतर दुकान मोठं करायचं, ठरलं. बाईला दुसऱ्याच दिवशी दाखवलं.

तिनं तो तुकडा तीनदा पाहिला. मग मला विचारलं, तुझी खात्री आहे? ही दोघं दुकान मोठं करणाऱ्या माणसांसारखी दिसत नाहीत.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिला ठासून सांगितलं, "मराठी माणूस आनंदात असाच दिसतो."

तिला ते पटलं. माझे वडीलही असेच, म्हणाली. लॉटरी लागली असती तरी खिळे मोजत बसले असते. तिनं तेवढी फिल्म जोडून, शेवटी तो प्रसंग ठेवून, चॅनेलच्या मुलीला पाठवली. तिचं उत्तर आलं ते बाईनं मला लिफ्टमध्येच वाचून दाखवलं. परदेशात आलेलं एक साधं जोडपं, वीस वर्षांच्या कष्टानंतर दुकान मोठं करतंय, असा शेवट कोणाला नको? नव्या जागेचं उद्घाटन शूट करा, रविवार संध्याकाळची वेळ तुमची. उद्घाटन नसेल तर मात्र वीस मिनिटांची करून नेटवर टाकू. बाईनं मला लिफ्टमध्ये मिठी मारली. पंधराव्या मजल्यावर एक अरबी आजोबा आत आले आणि पुन्हा बाहेर गेले.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही खानावळीत गेलो. बाईनं काकूंना माईक लावला, कॅमेरा चालू केला आणि दुसरा छोटा कॅमेरा घेऊन भाजी मंडईत गेली. काका गाडीत डबे चढवत होते. मी काकूंच्या शेजारी बसून लसूण सोलायला घेतला आणि म्हटलं, उद्घाटनाची तारीख नक्की सांगा म्हणजे बाईला तयारी करता येईल.

काकू म्हणाल्या, "कसलं उद्घाटन?"

"अहो, दिवाळीनंतर दुकान वाढवताय ना? मग नारळ कोणाच्या हातून वाढवणार ते तरी सांगा."

काकूंचे हात थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर काकांकडे, मग परत माझ्याकडे.

"अगं, नारळ वाढवला की नारळ मोठा होतो का?"

माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. एका क्षणात सगळं लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं असं झालं. नारळ आपण फोडत नाही, वाढवतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. आणि दुकान बंद केलं असं तोंडातून काढायचं नाही म्हणून जुनी माणसं म्हणतात, दुकान वाढवलं. माझे स्वतःचे आजोबा रोज संध्याकाळी पेढीवरून येऊन म्हणायचे, 'वाढवून आलो.' मराठीत पहिली म्हणे! जळ्ळा मेला तो नंबर.

काकू मला समजावत होत्या, म्हणजे पाहा. काकांचे गुडघे बोलायला लागले होते. गाळ्याचा करार संपत होता, नवा करायचा तर पुन्हा पाच वर्षं. गावाकडे लेकानं घर बांधलं होतं. चालत्या पायांनी निघावं, असं दोघांचं ठरलं होतं. मी विचारलं, मग तुम्ही रडलात का? म्हणाल्या, थोडं आनंदानं, थोडं शेगडीसाठी. वीस वर्षं नवऱ्यापेक्षा जास्त तोंड हिचंच पाहिलं.

परतताना बाई खुशीत होती. मंडईत तिला भोपळ्यांच्या ढिगावर झोपलेला एक म्हातारा हमाल मिळाला होता. मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली, दोन कडक चहा घेतले, आणि सगळं सांगून टाकलं. दुकान मोठं होत नाहीये, बंद होतंय. चूक माझी आहे. शंभर टक्के माझी.

तिनं चहाचा कप गाडीच्या टपावर ठेवला. "मी तुला विचारलं होतं," एवढंच म्हणाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी गाडी चालू केली आणि रीमचा रस्ता धरला. माझ्या डोक्यात ते वीस मिनिटं नेटवर टाकू, एवढंच फिरत होतं. पस्तीस वर्षांचं काम आणि त्याच्या शेवटी वीस मिनिटं, ती पण माझ्या शहाणपणामुळे. पुन्हा कोण तिला फोन करणार होतं? लिफ्टमध्ये ती तिच्या मजल्यावर उतरली, वळून पाहिलं नाही. घरी नवरा म्हणाला, सॉरी म्हण आणि खलास कर. त्याला वाटतं सगळं जग त्याच्या ऑफिसातल्या फॅसिलिटी मॅनेजमेंटसारखं आहे, तक्रार आली, माणूस पाठवला, सही घेतली. मुलीनं मात्र या वेळी माझ्यासाठी चहा करून आणला, साखर न घालता.

दोन दिवस बाईचा फोन नाही, मेसेज नाही. मी दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ती, चुरगळलेले कपडे, हातात लॅपटॉप, आणि हसत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं हातानंच गप्प केलं आणि जेवायच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

आधी तिनं गणपतीतला तो प्रसंग लावला, आवाज बंद करून. काका गुडघा चोळतायत, काकू शेगडी पुसतायत. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं की ही माणसं निरोप घेतायत. बाई म्हणाली, पस्तीस वर्षं मी चेहऱ्यांवर विश्वास ठेवला आणि या खेपेला शब्दांवर ठेवला, तेव्हा राग माझा मलाच आलाय. मग तिनं सांगितलं, जे आजवर गाडीत कधी सांगितलं नव्हतं. तिच्या वडिलांनी दुकान बंद केलं तेव्हा ती एका मालिकेच्या शूटिंगवर होती. वडिलांनी दाराची पाटी उलटी केली, किल्ली खिशात टाकली आणि घरी जेवायला गेले. कोणी पाहिलं नाही. तिनंही नाही.

मग तिनं दुसरा तुकडा लावला, या वेळी आवाजासकट. पडद्यावर मी! लसूण सोलतेय, गळ्यात कार्ड, तोंडभर हसू. कॅमेरा चालूच होता आणि काकूंचा माईकही. 'नारळ कोणाच्या हातून वाढवणार ते तरी सांगा.' मग काकूंचं ते वाक्य. आणि मग माझा चेहरा. अगं बाई गं! आधी हसू थांबलं, मग भुवया वर, मग तोंड उघडं ते उघडंच, आणि हळूहळू सगळं तोंड खाली आलं, शिजवलेल्या वांग्यासारखं.

बाई म्हणाली, ही माझ्या फिल्मची मधली जागा. आधी चुकीचं भाषांतर तसंच ठेवायचं. बघणाऱ्यालाही वाटू दे की दुकान मोठं होणार. मग तू लसूण सोलशील आणि सगळ्यांना तुझ्याबरोबर कळेल. त्या कुत्र्यानंतर मला असं काही मिळालं नव्हतं. पण तू नको म्हणालीस तर वापरणार नाही. तू मला पहिल्या दिवशी कॅमेरा बंद कर म्हणाली होतीस, ते माझ्या लक्षात आहे.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आई म्हणायची. इथे मूठ अख्ख्या आयर्लंडसमोर उघडायची होती. तिकडचं जाऊ दे, पुण्यातल्या माझ्या बहिणी पाहणार, शाळेचा ग्रुप पाहणार. मराठीत पहिली! मी तिला विचारलं, हे घातलं तर ती मुलगी पूर्ण तास देईल? ती म्हणाली, माहीत नाही. खोटं बोलली असती तर मी नाही म्हटलं असतं कदाचित. मी म्हटलं, घाल. फक्त माझ्या नवऱ्याला आधी दाखवायचं नाही.

खानावळीचा शेवटचा दिवस दिवाळीनंतरच्या रविवारी होता. हवा छान पडली होती. काकांनी कोणाकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं आणि गल्लीत सतरंज्या अंथरून पंगत मांडली. सोनापूरहून दोन बसा भरून माणसं आली, इस्त्रीचे शर्ट घालून. तो सुतार आपला डबाच घेऊन आला. पठाणानं दुकानातल्या ट्यूबलाइटी काढून गल्लीत लावल्या. मंडईतले मल्याळी अकाउंटंट मांडी घालता येईना म्हणून टायरवर बसले. माझी मुलगी पत्रावळी मांडत होती आणि दर पत्रावळीला फोटो काढत होती.

बाईनं कॅमेरा स्टँडवर लावला, चालू केला, आणि सवयीनं निघून जायला लागली. काकूंनी तिचा दंड धरला, तिच्या हातात आमटीचं भांडं आणि पळी दिली आणि म्हणाल्या, "वाढ."

ती माझ्याकडे वळली. हा तोच शब्द आहे का, म्हणून विचारलं. म्हटलं, तोच. मोठं होणं तोच, बंद करणं तोच, आणि जेवायला घालणंही तोच. ती पळी हातात धरून जी पंगतीत शिरली ती शेवटच्या माणसापर्यंत 'वाढू? वाढू?' करत गेली. आमटी पत्रावळीत कमी आणि सतरंजीवर जास्त पडली. नको म्हटलेलं तिला कळायचंच नाही, त्यामुळे सगळ्यांना दुप्पट मिळाली. काका भिंतीला टेकून बघत होते. माझ्याजवळ येऊन म्हणाले, "मीठ बरोबर आहे." माझ्या माहितीत तेवढं मोठं भाषण त्यांनी कधी केलं नव्हतं.

जेवणं उरकल्यावर काकांनी शटर ओढलं. काकूंनी उंबऱ्यावर नारळ वाढवला, दोन्ही प्रकारांनी. सगळ्यांना खोबरं वाटलं. कॅमेऱ्यामागे कोणीच नव्हतं. ते शटर खाली येताना त्यानं एकट्यानं टिपलं.

फिल्म पाठवल्यावर तेरा दिवस उत्तर नाही. बाई वरवर शांत होती, पण त्या तेरा दिवसांत तिनं माझ्याकडून पुरणपोळी, थालीपीठ आणि उकडीचे मोदक शिकून घेतले, आणि एकदा तिच्या घरचाही अलार्म वाजला. चौदाव्या दिवशी चॅनेलच्या मुलीचा फोन आला. पूर्ण तास, रविवारी संध्याकाळी, काही कापायचं नाही. मुलगी म्हणाली, लसणाच्या जागेला ऑफिसमधली सगळी माणसं हसली आणि शटर खाली आल्यावरही कोणी जागचं उठलं नाही. आणि लगेच विचारलं, पुढची फिल्म कुठली करणार?

फिल्म लागली त्या संध्याकाळी आम्ही सगळे तिच्या फ्लॅटवर जमलो होतो. माझा चेहरा पडद्यावर खाली यायला लागला तेव्हा नवरा खुर्चीवरून सरकला इतका हसला. पुण्याच्या बहिणी अजून फोन उचलला की 'नारळ कसा आहे?' असंच विचारतात. साताऱ्याहून काकूंनी व्हिडिओ कॉल केला. मागे काका उभे होते, मांडीवर नातू घेऊन बसता येईल अशी नवी खुर्ची आम्हाला दाखवायला.

दोन महिन्यांनी बाई खाली लॉबीत तिच्या बॅगांशेजारी उभी होती. पुढच्या फिल्मला तिनं नाही म्हटलं होतं. फोन आला, पुन्हा आला, तिनं दोन्ही वेळा मजेत नाही म्हटलं. वडिलांच्या दुकानाच्या वरच्या खोल्यांत ती राहायला जाणार होती. मी खाली आले ते तोंडाला कुलूप लावूनच, कारण मला माझी खात्री नव्हती. टॅक्सीवाला बॅगा चढवत होता. तिनं माझे दोन्ही हात धरले आणि, कोणाकडून घोकून घेतलं होतं देव जाणे, एकेक अक्षर तोडत मराठीत म्हणाली, "मी दुकान वाढवलं."

मला जे व्हायला नको होतं तेच झालं. तोंड उघडं, नाक वाहतंय, शिजवलेलं वांगं. ती माझ्याकडे नीट बघत राहिली, ती सगळ्यांकडे बघायची तशी, आणि इंग्रजीत विचारलं, तू ठीक आहेस ना?

"मराठी माणूस आनंदात असाच दिसतो," मी म्हटलं.